वाढतं अंग, अर्धं गाणं

माझगावच्या कोळीवाड्यात म्हणत की सोनूबाईला दोन आवाज आहेत. एक बोंबील विकायचा आणि एक देव बोलवायचा. पहिला सकाळी गिरगावातल्या वाड्यांतून फिरे आणि त्याला भिऊन कावळे उडत. दुसरा लग्नाच्या मांडवात निघे आणि तो ऐकून देव येत. देव आलेले कुणी पाहिले नव्हते. कावळे मात्र रोज उडताना दिसत, म्हणून आवाजाच्या ताकदीबद्दल कुणाला शंका नव्हती.

सोनूबाई धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात भटाचं काम थोडं आणि धवलारणीचं फार. हळदीच्या दिवशी तांदळाचा चौक मांडायचा, त्याच्यापाशी चटईवर बायांमध्ये बसायचं आणि गाण्यातून एकेकाला लग्नाचं आवतण द्यायचं. आधी दर्याला, मग वाऱ्याला, मग त्या कुळातल्या मेलेल्या माणसांना, ओळीनं. ज्याला गाण्यात बोलावलं नाही तो मेलेला माणूस मांडवात येत नाही. जिवंत पाहुणे बोलावल्याशिवायही येतात आणि दोनदा जेवतात, ती गोष्ट वेगळी.

हे गाणं एकटीचं नसतं. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं.

"दर्या आयला मांडवान, दर्याचे मागं कोन?"

"दर्याचे मागं तारू गो, तारवान बसला वारा."

"वारा आयला मांडवान, वाऱ्याचे मागं कोन?"

विचारणारीनं उत्तरातला शेवटचा शब्द उचलायचा आणि पुढं विचारायचं, एवढंच तिचं काम. सगळी ओळ, कुणामागं कोण, ती सांगणारीच्या पोटात. आणि विचारणारीनं उत्तर चुकूनही आपल्या तोंडात घ्यायचं नाही. घेतलं तर बोलावलेला दारातून मागं फिरतो. सोनूबाई जन्मभर विचारणारी होती. सांगणारी होती तिची भावजय, शांती. एका शिंपल्याची दोन कवचं असावीत तशा दोघी मांडवोमांडवी फिरल्या. मग एका हिवाळ्यात शांती तापानं पडली ती उठलीच नाही.

जाताना तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही की दागिन्यांचं काढलं नाही. नणंदेचा हात धरून म्हणाली, "बाय, माझे हरेश्वराचे हलदीला मना बोलव. इसरू नको."

"मी कशी इसरन गो?" सोनूबाई म्हणाली. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की विसरायला आपल्याकडं काही नाहीच. शांतीचं नाव कुळाच्या ओळीत अगदी शेवटी येणार होतं, आणि ती ओळ तर शांतीबरोबरच निघाली होती.

पुढच्या हळदीला सोनूबाई एकटीच चटईवर बसली. सवयीनं तिनं विचारलं, "दर्याचे मागं कोन?" बाया खाली बघू लागल्या. तेवढ्यात मांडवाच्या खांबाआडून एक बारीक, स्वच्छ आवाज आला.

"दर्याचे मागं तारू गो, तारवान बसला वारा."

तो हरेश्वर होता. आईच्या मांडीवर डोकं ठेवून सगळी लग्नं झोपेत काढलेलं पोर. झोपेतच सगळी ओळ त्याच्यात उतरली होती. तो थांबला नाही. वाऱ्यामागं पाऊस, पावसामागं थोरली माणसं, थोरल्यांमागं त्यांच्या लेकी. एकाही नावाला अडखळला नाही. म्हाताऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

पुरुष सांगणारा कसा चालेल, असा प्रश्न निघालाच. धर्मा हा वाड्याचा पाटील. त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण तो फार कमी बोले आणि बोललेलं विसरत नसे. तो म्हणाला, "लेकरू हाय तवर बसंल."

सोनूबाईनं 'बसंल' ऐकलं. 'तवर' तिला ऐकू आलंच नाही.

चार-पाच वर्षं सोन्यासारखी गेली. मग बंडीच्या बाह्यांतून हरेश्वराची मनगटं बाहेर आली. सोनूबाईनं आधी बंडीला दोष दिला. खाऱ्या पाण्यानं कापड आटतं. पण पुढं पोराचे पाय बाजेबाहेर लोंबू लागले, तेव्हा बाज आटली असं म्हणणं तिलाही जमेना.

त्याला सारखी भूक लागायची. वाळत घातलेले बोंबील जाता-येता तोंडात जात. सकाळी हलवलं तरी उठत नसे आणि उठला की कशावरून तरी चिडे. काल हसत होता त्याच गोष्टीवर आज रडकुंडीला येई, आणि का, ते विचारलं तर आणखी भडके. चेहऱ्यावर पुटकुळ्या, वरच्या ओठावर काजळाचं बोट पुसल्यासारखी रेघ. सोनूबाई त्या रेघेकडं अशी बघायची, जशी बाकीची माणसं उंबऱ्याशी आलेल्या उधाणाच्या पाण्याकडं बघतात.

वाड्यातल्या कुणीतरी तिला सांगितलं, की चारा कमी असला की पाडसाला शिंगं उशिरा फुटतात.

मराठीत ताटात वाढतात तेही वाढणंच आणि अंगानं वाढतात तेही वाढणंच. सोनूबाईला व्याकरण ठाऊक नव्हतं, पण ही दोन्ही वाढणी एकाच टोपातून निघतात एवढं तिनं ताडलं.

"आते, वाढ ना आनखी."

"सपला."

टोपात भात होता. त्याला दिसत होता. तिलाही दिसत होता. दोघंही टोपाकडं न बघता बसून राहत.

"रातचे थोडा जेवावा," ती म्हणायची. "गल्याला बरा असते. वाढू नको रं माझे पोरा."

तिनं स्वतःचा भातही तेवढाच कमी केला होता. पोराला उपाशी ठेवून आपण जेवणारी बाई ती नव्हती. पण हिशेब जमेना. उपास दोघं करत होती, वाढत तो एकटा होता.

हरेश्वराचा बाप तुळशीदास दर्यावर असायचा. घरी आला की म्हणे, "पोर हाडकला कसा गो?" सोनूबाई म्हणे, "उंच होतंय, म्हनून." त्याचं समाधान होई. दर्याची भरती-ओहोटी त्याला न बघता कळे, घरातली बघूनही कळत नसे.

गिरगावात एका वाडीत आनंदीबाई नावाची प्रभूंची बाई राहायची. तिच्या ओट्यावर सोनूबाईची पाटी रोज उतरायची. आनंदीबाईंचा मुलगा हेमचंद्र भायखळ्याला डॉक्टरी शिकत होता. डॉक्टरी अर्धीच झाली होती, पण रुबाब पुरता आला होता. एका सकाळी सोनूबाईनं पाटी उतरवली आणि मासळीचं नाव न काढता त्यालाच गाठलं.

"भाऊ, तुमी मेलेली मानसं कापून बघता म्हनं."

"बघतो. का गं?"

"मग जित्या पोराचे नरड्यात काय झाला ते सांगा. आवाज घसरतोय. एकदम जाडा येतो, मग फाटतो."

"वय किती?"

"शांती गेली तवा आठ-नऊ वर्सांचा व्हता."

हेमचंद्रानं मनात मोजलं आणि हसला. "मग काही झालेलं नाही, सोनूबाई. वाढतोय तो. गळ्यात एक पेटी असते. तिच्यात दोन तारा असतात म्हण. या वयात पेटी मोठी होते, तारा लांब होतात, जाड होतात. सारंगीची जाड तार बारीक वाजेल का?"

"औषध?"

"औषध रोगाला असतं. वाढणं हा रोग नव्हे."

"तुमचेकडं नसंल," सोनूबाई म्हणाली.

हेमचंद्रानं मनात पुस्तक चाळलं. पुस्तकात हा प्रश्न नव्हता.

"आनि डोका? सांगितलेला ऐकत नाय. बसल्या जागी हरवतो. कालची ओल आज इसरतो. डोक्याची चालन झालीय."

"डोक्याचं म्हणशील तर मेंदू मी बाटलीत पाहिलाय. पण तो बाटलीत नसताना, चौदाव्या वर्षी काय करतो, ते आमच्या साहेबालाही ठाऊक नसावं."

आतून आनंदीबाई ओरडल्या, "आमचा हेमू अगदी असाच होता हो सोनू! दिवसभर झोपायचा आणि वर गुरकावायचा."

"झाला ना पण बरा?"

"कुठला! अजून तसाच आहे."

हसणं झालं. मग हेमचंद्र जरा खाली वाकून म्हणाला, "हे बघ, गाण्याचं जाऊ दे. या दोन-तीन वर्षांत हाडं होतात, छाती होते, सगळं माणूस या वयात उभं राहतं. त्याला पोटभर खायला घाल. मासळी, भात, मागेल ते. आता उपाशी राहिला तर जन्माचा किडकिडीत राहील. घालतेस ना?"

सोनूबाईनं पापलेटं पुढं केली. "घ्या बाय," ती आत बघून म्हणाली, "ताजी हायत." एरवी ती घासाघीस करी. त्या दिवशी आनंदीबाईंनी मागितला तो भाव तिनं मान्य केला आणि ट्रामच्या रुळांवरून चालत घरी आली. मागून घंटा वाजत होती, ट्रामवाला शिव्या देत होता, तिला कळलं नाही.

त्या दिवशी तिनं हरेश्वराला पोटभर वाढलं. तो आधी ताटाकडं बघत बसला, मग तिच्याकडं. "काय झाला, आते?" "काय नाय. जेव." तो इतका जेवला की शेवटी त्यालाच लाज वाटली. टोप घासताना सोनूबाईला पहिल्यांदाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रभादेवीला हळद होती.

दर्या आला, तारू आलं. "वारा आयला मांडवान," सोनूबाईनं विचारलं, "वाऱ्याचे मागं कोन?"

"वाऱ्याचे मागं..." हरेश्वरानं सूर उचलला आणि तिथंच त्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा बकरीसारखा वर गेला आणि दुसरा रिकाम्या पिपासारखा गडगडत खाली आला. मग एक पोरगी फिसकन हसली, आणि मग हसणं आवरेना. हळदीनं पिवळी झालेली नवरीसुद्धा हसली. हरेश्वरानं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा बकरी आली.

धर्मा पाटील मांडवाच्या कडेला उभा होता. "सोनू, पोराची घाटी फुटली गो."

"घसा बसलाय. ताक प्यायला काल."

"ताकानं मिशी येत नाय," धर्मा म्हणाला. त्याच्या आवाजात कठोरपणा नव्हता, हेच वाईट होतं. "लेकरू व्हता तवर बसला. आता ऊठ रं बाबा. पुरुषांत ये."

हरेश्वर उठला. बसलेला होता तोवर लेकरू दिसत होता. उठला तो उठतच गेला. त्याचं डोकं मांडवाच्या तोरणाला लागलं. बायांचं हसणं तेव्हा थांबलं.

सोनूबाईनं जन्मभर एकच गोष्ट धरून ठेवली. ते आदल्या दिवशीचं जेवण. त्या एका टोपभर भातानं पोराचा गळा फोडला. इतकी वर्षं सांभाळलं आणि एका डॉक्टराच्या शब्दावर घालवलं. तिला समजावणारं कुणी नव्हतं, आणि असतं तरी ती कुणाच्या समजावण्यातली नव्हती. त्या वाडीत तिनं पुन्हा पाटी नेली नाही. आनंदीबाई कित्येक दिवस म्हणत होत्या, सोनू कुठं मेली?

पण ओळ अजून पोराच्या डोक्यात होती. गळा गेला तर गेला, डोकं कुठं जातंय? सोनूबाईनं आपल्या चुलत बहिणीची लेक गंगू आणली. लहानशी, बुटकी, मोठ्या डोळ्यांची. शिकवायला घरातच तांदळाचा चौक मांडला, तिला त्याच्यापाशी बसवलं आणि हरेश्वराला म्हणाली, "तू नुसता बोल. हलू बोल. ही गाईल."

त्या दिवसांत वाड्यातली पोरं हरेश्वराला 'धवलारीनबाय' म्हणत. होडी ओढताना म्हणत, जाळं सुकवताना म्हणत. पदर घेतल्यासारखं करून मागून चालत. सोनूबाईला हे ठाऊक नव्हतं, असं नाही. पण तिला वाटे, पोरंच ती, म्हणायचीच.

"दर्या आयला मांडवान," तिनं गंगूकडं बघत विचारलं, "दर्याचे मागं कोन?"

दाराबाहेरून कुणीतरी नाजूक आवाज काढला, "कोन गो बाय?"

हरेश्वराचा चेहरा लाल झाला. "मागं कुत्रा!" तो ओरडला. तो नवा, जाडा आवाज घरात मावला नाही. "दर्याचे मागं कुत्रा, वाऱ्याचे मागं कुत्रा!" आणि त्यानं चौकाचे तांदूळ पायानं उधळले.

गंगू रडत पळाली. तांदळाला पाय लागलेला कोळीवाड्यानं पाहिला नव्हता. हरेश्वरानंही पाहिला नसावा, कारण तो स्वतःच्याच पायाकडं असा बघत होता, जसा तो पाय दुसऱ्या कुणाचा आहे. मग बाहेर गेला. सोनूबाईला दारातून दिसत होतं, उलट्या ठेवलेल्या होडीआड तो बसला होता आणि त्याची पाठ हलत होती. पाठ रुंद होती आणि रडणं लहान मुलाचं होतं. तिनं एक पाऊल उचललं. मग तिला वाटलं, आता गेले तर अजून चिडेल. ती वाकून तांदूळ वेचत बसली.

नंतर तो गोदीत कामाला लागला. आता सोनूबाई मागेल तेवढं वाढायची, न मागता वाढायची. आता राखायचं काय होतं? तो खायचा आणि वाढायचा. छाती भरली, मिशी आली, आवाज खालच्या पट्टीत बसला. चांगला आवाज होता तो, सांगायला हरकत नाही. फक्त ज्या गाण्यासाठी हवा होता त्या गाण्यात त्याला जागा नव्हती. तांदळाला पाय लावल्याबद्दल तो कधी बोलला नाही, तिनंही विचारलं नाही. फक्त घरात शिरताना सांडलेलं एखादं शीत दिसलं तर तो ते चुकवून पाऊल टाकायचा.

सोनूबाई मांडवांत एकटी जायची. दर्यापर्यंत गायची आणि थांबायची. लोकांनाही बरं वाटे, जेवणं लवकर होत. ओळीचं हरेश्वराला विचारायचं ती रोज ठरवायची आणि रोज उद्यावर ढकलायची. डोक्यात आहे तर असू दे, तिला वाटे. पेटीत ठेवलेला दागिना कुणी रोज उघडून बघतं का?

मग हरेश्वराचं लग्न ठरलं.

हळदीच्या आदल्या दिवशी तिनं त्याला ताट वाढलं आणि समोर बसली. "हरेश्वरा, उद्या तुझे आयशीला बोलवायचीय."

तो जेवायचा थांबला.

"मी शब्द दिलाय तिला. तू मोठ्यानं बोलू नको. ओठान बोल. मी तुझे ओठांकडं बघन आनि पुढं विचारन. कोनाला कलनार नाय."

"आते," तो म्हणाला. मग ताटातला भात चाळवत बसला.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. ज्या चटईवरून त्याला उठवलं होतं, तसल्याच चटईवर त्याला नवरा म्हणून परत बसवलं. बायांनी हळद लावली. कपाळाला बाशिंग. सोनूबाईनं चौक मांडला. आज ती दर्यापाशी थांबणार नाही, हे तिच्या बसण्यावरूनच बायांनी ओळखलं. दोन-चार म्हाताऱ्या सरकून जवळ आल्या.

"दर्या आयला मांडवान, दर्याचे मागं कोन?"

बाशिंगाखाली हरेश्वराचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण तारू होतं, वारा होता. सोनूबाईला स्पष्ट दिसलं. तिच्या आवाजात बळ आलं, कावळे उडवणारं आणि देव बोलवणारं, दोन्ही मिळून.

"वारा आयला मांडवान, वाऱ्याचे मागं कोन?"

ओठ हलले नाहीत. त्याची घाटी वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. डोळे इकडून तिकडे फिरत होते, घरात ठेवलेली वस्तू सापडत नसली की माणूस कोपरे बघतो तसे.

"वाऱ्याचे मागं कोन?" तिनं पुन्हा विचारलं.

मांडवाबाहेर कुणीतरी खोकलं.

हरेश्वर पुढं वाकला. हळदीचा हात त्यानं तिच्या हातावर ठेवला. आता तो हात तिच्या दोन हातांएवढा होता. "नाय गो आठवत," तो त्याच्या त्या जाड्या आवाजात कुजबुजला. "लगीन ठरला तवापासून शोधतोय. वाऱ्याचे पुढं काय नाय. सगला गेला."

सोनूबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. कधी गेलं असेल? पुटकुळ्यांबरोबर गेलं? त्या झोपांत गेलं, ज्यांतून तो उठत नसे? की उपाशी पोरानं भातच शोधावा की ओळ सांभाळावी? डोक्याची डॉक्टरी बाटलीपाशी थांबली होती. तिच्यापाशी तेवढीही नव्हती. वाऱ्यामागं पाऊस आहे एवढं तिलाही ऐकून ठाऊक होतं, पण विचारणारीनं ते तोंडात घ्यायचं नसतं, आणि घेतलं असतं तरी पावसाच्या पुढं तिला जायचं होतं कुठं? शांती ओळीच्या अगदी शेवटी उभी होती.

धर्मा पाटील आता म्हातारा झाला होता. खुर्चीतूनच त्यानं विचारलं, "झाला ना गो, सोनू?"

तिनं उत्तर दिलं नाही. त्यानं ते 'झालं' असंच धरलं.

"मग वाढा आता!"

"वाढा, वाढा!" मांडवभर आवाज उठला. "पानं मांडा! भात आना! वाढा रं!" एके काळी ज्या शब्दाला तिनं दारात अडवून धरलं होतं, तो आता तीनशे तोंडांनी मांडवात शिरला.

सोनूबाई उठली. भाताचा टोप घेतला आणि पंगतीत फिरू लागली. नवऱ्याच्या पानापाशी आली तशी वाकून वाढू लागली. एक ओगराळं, दुसरं, तिसरं. भात पानावरून चटईवर सांडला, तरी तिचा हात थांबेना. हरेश्वरानं पुरे म्हटलं नाही. मान खाली घालून तो खात राहिला. सांडलेलं शीतन्‌शीत उचलून खात राहिला.

शेवटी टोप रिकामा झाला. तिनं पाठ सरळ केली आणि एकदा मांडवाच्या तोंडाकडं बघितलं.

तिथं उष्ट्यासाठी एक कुत्रा येऊन बसला होता.